आवरण, विक्षेप आणि ऑइलपेंट

रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एक साधं कार्ड असतं. अर्धं काळं, अर्धं पांढरं. नव्या रंगाचा सारख्या जाडीचा थर दोन्ही भागांवर ओढायचा, वाळू द्यायचा आणि कुठून किती प्रकाश परत येतो ते यंत्रावर मोजायचं. काळ्या भागावरून परतणारा प्रकाश पांढऱ्या भागावरच्या प्रकाशाच्या ९८ टक्क्यांवर पोचला, की रंगानं खालचं पुरतं झाकलं असं मानतात. उरलेला दोन टक्क्यांचा फरक माणसाच्या डोळ्याला सहसा कळत नाही. म्हणजे निकाल लागतो तो बघणाऱ्याच्या नजरेचा; कार्डाचा काळा भाग होता तिथेच असतो. रसायनतज्ज्ञाला त्यात विशेष काही वाटत नाही. वेदान्ताच्या विद्यार्थ्यानं मात्र इथे कान टवकारावेत.

कारण हे झाकणारं द्रव्य स्वतः पारदर्शक आहे. आजच्या जवळजवळ प्रत्येक पांढऱ्या रंगात टिटॅनियम डायऑक्साइड असतं. ते ज्यातून काढतात ते इल्मेनाइट हे खनिज काळंकुट्ट. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर आणि आपल्याकडे रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या पुळणीत जी काळी वाळू दिसते, त्यात ते असतं. त्यातून शुद्ध करून काढलेल्या डायऑक्साइडचा स्फटिक मात्र काचेसारखा रंगहीन. फक्त तो प्रकाशाला कमालीचा वाकवतो. त्याचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास, तर त्याला धरून ठेवणाऱ्या रेझिनचा १.५ च्या आसपास. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही पाव हिश्शाएवढे असे कोट्यवधी कण थरात पसरले, की आत शिरलेला किरण या कणावरून त्या कणावर वळत, विखुरत, भिंतीला न शिवताच माघारी फिरतो. भिंत दिसत नाही ती एवढ्यासाठी.

चुन्यात हेच उघड्या डोळ्यांनी दिसतं. दिवाळीआधी घराला चुन्याचा हात मारला, की भिंत ओली असेतो जुने डाग, पोरांच्या रेघोट्या, तेलाचे ओघळ सगळं दिसत राहतं. ‘पाणीच फार घातलंय’ अशी घरमालकाची कुरकुर सुरू होते. रंगारी म्हणतो, ‘मालक, वाळू तर द्या.’ पाणी उडून जातं, कणांमधल्या फटींत हवा शिरते, प्रकाश जास्त विखुरतो आणि दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र उठते. त्याच भिंतीवर पाण्याचा हबका मारा, डाग पुन्हा डोकावतात.

झाकलं जाणं आणि नाहीसं होणं यांतला फरक अद्वैत वेदान्तानं बारकाईनं तपासला आहे. पंधराव्या शतकातल्या सदानंदांच्या ‘वेदान्तसार’ या छोटेखानी ग्रंथात अज्ञानाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत. एक आवरणशक्ती, दुसरी विक्षेपशक्ती. अंधुक उजेडात पडलेला दोर ओळखू न येणं हे आवरण. त्याच्या जागी साप दिसू लागणं हा विक्षेप. आवरण समजावताना ग्रंथकार ढगाचा दाखला देतात. एवढासा ढग एवढ्या विस्ताराच्या सूर्याला झाकणार कसा? तो झाकतो बघणाऱ्याची दृष्टी.

रंगाच्या डब्यात या दोन्ही शक्ती असतात आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येतात. प्लायवुडच्या टेबलाला पांढरा रंग दिला, तर प्लायवुड दिसेनासं होतं. पण त्या जागी दुसरं काही आहे, असा दावा तो रंग करत नाही. लोखंडी कपाटावर सागवानाच्या रेषा काढल्या, तर लोखंड लपतं आणि वर सागाचा भास होतो. यांतलं खोटं कोणतं? पहिलं, दुसरं, की दोन्ही?

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात हा प्रश्न चांगलाच तापला होता. इंग्लंडमध्ये पाइनच्या स्वस्त दारांवर ओक किंवा महोगनीची नक्कल रंगवणं हा भरभराटीचा धंदा होता. अस्तरावरच्या ओल्या रंगावरून कंगवे फिरवून, चिंधीनं टिपून लाकडाच्या रेषा उठवायच्या, वर वार्निशचा हात द्यायचा. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात थॉमस कर्शॉ या रंगाऱ्याला अशा लाकूड-संगमरवराच्या नकलांबद्दल पारितोषिकही मिळालं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८४९ मध्ये, कलासमीक्षक जॉन रस्किनचं ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ प्रसिद्ध झालं होतं आणि त्यातल्या सत्यावरच्या प्रकरणात या कलेची चांगलीच खरडपट्टी काढली होती. लाकडावर संगमरवर रंगवणं ही रस्किनच्या लेखी फसवणूक. पण नुसती सफेदी? तिला तो दोष देत नाही. ती आपण काय आहोत हे उघड सांगते आणि खालच्या वस्तूविषयी काहीच बोलत नाही, असा त्याचा युक्तिवाद. सोन्याच्या मुलाम्यालाही तो इमारतीपुरती सूट देतो. घुमट भरीव सोन्याचा आहे असं कोणी समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवतो, कारण तिथे सोनं खरं असल्याचा समज होऊ शकतो.

पन्नासेक वर्षांनी, १८९८ मध्ये, व्हिएन्नात आडोल्फ लोस या वास्तुकारानं हाच विचार एका नियमात बसवला. आवरण आणि खालची वस्तू यांची गल्लत होता कामा नये. म्हणून लाकडाला कोणताही रंग चालेल, फक्त लाकडाचा चालणार नाही. रस्किन आणि लोस या दोघांचं म्हणणं वेदान्ताच्या परिभाषेत एका ओळीत मांडता येतं: आवरणाला माफी, विक्षेपाला शिक्षा.

हा निवाडा ऐकायला चोख आहे. आजच्या मराठी घरात तो टिकतो का?

फ्लॅटमधलं फर्निचर बघावं. वॉर्डरोब, टीव्ही युनिट, जेवणाचं टेबल. प्लायवुडवर सनमायका आणि सनमायकावर छापलेलं शिसम नाहीतर सागवान. कडेला प्लायवुडचे थर दिसू नयेत म्हणून पट्टी. लोसच्या नियमानं हे सगळं गुन्हेगार. पण फसलं कोण? सुतारानं दर प्लायवुडचा लावला, घरमालकानं दिला, पाहुण्यांच्या घरीही तेच आहे. घुमटाच्या सोन्यासारखं हे शिसमही सगळ्यांना माहीत असलेलं. उघड्या गुपिताला रस्किननं दिलेली सूट इथे लागू करावीच लागते.

आता उलटं उदाहरण. जुना फ्लॅट विकायला काढला आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत ओल आहे, तळाशी क्षारांची पांढरी बुरशी फुलली आहे, पोपडे सुटले आहेत. गिऱ्हाईक रविवारी येणार म्हणून शुक्रवारी पत्र्यानं पोपडे खरवडले, लांबी भरली, घासून दोन हात रंग दिला. अगदी साधा पांढरा. त्यात कसलीही नक्कल नाही, कसलाही दावा नाही. रस्किनच्या कसोटीवर ही सफेदी निर्दोष सुटते आणि पहिल्या पावसाळ्यात नव्या मालकाच्या हातात पोपडे देते. भिंत कोरडी आहे असं कोणी म्हणालं नव्हतं, एवढीच काय ती सफाई.

तेव्हा आवरण निष्पाप आणि विक्षेप पापी ही वाटणी कामाची नाही. गप्प राहणारा रंग बोलणाऱ्या रंगापेक्षा मोठी थाप मारू शकतो. खाली काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क कोणाचा आणि तो हक्क डावलला गेला का, हे विचारल्याशिवाय थराबद्दल काहीच ठरवता येत नाही. रंगकामातला प्रामाणिकपणा अशा वेळी शेवटच्या हातात शोधून सापडत नाही. कोऱ्या लाकडाला थेट रंग लावला, तर लाकूड त्यातलं तेल पिऊन टाकतं आणि वर निस्तेज, पट्ट्यापट्ट्यांचा थर उरतो. म्हणून आधी घासणी, मग अस्तर, खड्ड्यांत खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाची लांबी, पुन्हा घासणी. घाईनं जाड हात मारला, तर ऑइलपेंट हवेतला ऑक्सिजन घेत वरून वाळतो, आत ओला राहतो आणि साय धरल्यासारखा सुरकुततो. दोन पातळ हातांनी जे झाकलं जातं ते एका जाड हातानं झाकलं जात नाही. रंगाऱ्याची ही सगळी मेहनत झाकली जाते, आणि तीच दहा वर्षं टिकते.

रंग किती झाकावा हा प्रश्न एका पंथानं थेट धर्मनियमांत नेला. अमेरिकेतले शेकर हे ब्रह्मचर्य आणि सामायिक मालमत्ता पाळणारे ख्रिस्ती लोक. त्यांच्या १८४५ च्या नियमावलीत रंगाची कलमंच आहेत. प्रार्थनागृह बाहेरून पांढरं, आतून निळसर. बाकी कोणत्याही इमारतीला पांढरा रंग नाही. पलंग हिरवे. लाकडी डब्यांना तांबूस किंवा पिवळी छटा चालेल, वार्निश नाही. केवळ शोभेसाठी कंगोरे, नक्षी, कॉर्निस करू नये. मेन राज्यातल्या सबाथडे लेक इथलं त्यांचं प्रार्थनागृह १७९४ चं. आतल्या लाकूडकामावर त्या वेळचा निळा रंग आजही आहे.

विसाव्या शतकात शेकर फर्निचरची लाट आली. संग्राहकांना त्यात साधेपणाचा, जवळजवळ आध्यात्मिक नितळपणाचा साक्षात्कार झाला. साधेपणा म्हणजे उघडं लाकूड, या समजुतीनं कित्येक खुर्च्या-टेबलांवरचा जुना रंग खरवडून, रसायनांनी विरघळवून काढला गेला. पुढे उरलेल्या वस्तूंच्या रंगाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तेव्हा दिसलं की शेकरांना झगझगीत पिवळा, तांबडा, हिरवा वर्ज्य नव्हता. ज्याला मूळ रूप म्हणून पुजलं, ते उघडं लाकूड संग्राहकांच्या मनातलं होतं. इथे आवरण काढून टाकल्यानं विक्षेप झाला. सत्य म्हणजे शेवटचा थर काढल्यावर उरतं ते, या गृहीतकाला यापेक्षा मोठा तडाखा कुठला?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. आपले निम्मे ग्रामदेव शेंदरात आहेत.

शेंदूर म्हणजे परंपरेनं शिशाचं एक ऑक्साइड. तो तेलात कालवून मारुतीला, गणपतीला, भैरोबाला चढवतात. हेच द्रव्य जवसाच्या तेलात घोटून लोखंडाला गंजरोधक अस्तर म्हणून जगभर वापरलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या पोलादावर १९३० च्या दशकात पहिला थर होता तो याचाच. शिशाचे रंग झाकण्यात पटाईत. पिवळ्यात शिशाचा क्रोमेट असला की कमी हातांत काम व्हायचं. पण त्या झाकणीची किंमत खिडकीची कड चाटणाऱ्या बाळानं आणि जुना रंग घासणाऱ्या कामगारानं मोजली. घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. चांगलं झाकणं आणि चांगलं असणं यांची फारकत कायद्याच्या पुस्तकात अशी नोंदली गेली.

शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात. नाक-डोळे बुजतात, मूर्ती फुगते, वरून चांदीचे डोळे बसवले जातात. कधी तरी हे कवच आपसूक सुटून पडतं आणि आतून बारीक कोरीवकामाची जुनी मूर्ती निघते. अशा हकिगती राज्यभर ऐकू येतात. नाशिक जिल्ह्यात वणीच्या गडावर, सप्तशृंगीच्या देवळात, हे काम २०२२ मध्ये ठरवून झालं. कड्याच्या खडकात कोरलेल्या अठरा हातांच्या देवीवरचा शेंदराचा लेप काढण्यासाठी सुमारे दीड महिना देऊळ दर्शनाला बंद होतं. हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला. नवरात्रात भाविकांनी जे रूप पाहिलं, ते त्यांच्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी पाहिलेलं नव्हतं. कोणाला धन्य वाटलं, कोणाला घरच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीतली आई हीच का असं वाटून गेलं असेल. पिढ्यान्‌पिढ्या नवस बोलले गेले, खणानारळानं ओट्या भरल्या गेल्या, त्या कोणासमोर? शेंदराखालच्या मूर्तीसमोर की शेंदरी मूर्तीसमोर?

सदानंदांच्या मार्गानं गेलं, तर उत्तर सरळ आहे. लेप हे आवरण, ते दूर झालं, स्वरूप प्रकट झालं. पण मराठीत एक वेगळं उत्तर सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेलं आहे. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं, ग्रंथातलं सर्वांत विस्तृत. तिथे ते अज्ञान नावाच्या आवरणाचं अस्तित्वच नाकारतात. ज्ञानस्वरूप आत्म्याला झाकणारं अज्ञान राहतं कुठे, ते कोणत्या प्रमाणानं कळतं, आणि कळलं तर ते अज्ञान कसलं, असे प्रश्न विचारत ते त्याला एकेका कोपऱ्यातून हुसकावून लावतात. मग समोर दिसतं ते काय? ते द्रष्ट्याचंच रूप. चैतन्य आपल्याच आनंदानं दृश्य होऊन नटतं. अभ्यासक याला चिद्विलास म्हणतात. शंकराचार्यांच्या मायावादाशी त्याचं किती जुळतं आणि किती नाही, यावर त्यांच्यात अजून वाद आहेत.

या वाटेनं पाहिलं तर शेंदूर देवीला झाकत नाही. भक्तांनी वर्षानुवर्षं हातांनी चढवलेलं ते तिचं दिसणंच आहे, आणि कोरीव मूर्ती हेही तिचं दिसणंच. एक खरं आणि दुसरं खोटं, अशी उतरंड लागत नाही. लेप उतरवताना विधी करावे लागतात, काढलेला शेंदूर कचऱ्यात टाकवत नाही, हे याच जाणिवेतून. तत्त्वज्ञान न वाचलेला माणूसही शेंदराकडे निव्वळ साचलेला थर म्हणून बघत नाही.

थराचा आणखी एक प्रकार उरतो: जो झाकत नाही, भासवत नाही, फक्त राखतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिला. टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा. त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ घालायचं आणि गरम असतानाच देवळांना, वाड्यांना, मूर्तींना, भिंतींना, विहिरींना लावायचं. टिकाऊपणाची हमी एक कोटी वर्षांची. आजच्या कुठल्याही रंग कंपनीची छाती होणार नाही एवढी. पंढरपुरात विठ्ठलमूर्तीची पदस्पर्शानं आणि अभिषेकांनी झीज झाली, तेव्हा पुरातत्त्व खात्यातल्या तज्ज्ञांनी रासायनिक लेप दिले, त्यालाही लोक वज्रलेपच म्हणतात. पायांवर डोकं टेकवणाऱ्याच्या कपाळाला आता दगडाआधी तो लेप लागतो. तरी पांडुरंग आणि आपल्यात काही आड आलं, अशी वारकऱ्याची तक्रार नाही.

खरी कसोटी लागते ती गावोगावच्या काळ्या दगडाच्या जुन्या देवळांत. यात्रा जवळ आली की वर्गणी निघते आणि खांब, कोनाडे, द्वारशाखेवरच्या मूर्ती गुलाबी, पोपटी, पिवळ्या ऑइलपेंटनं न्हाऊन निघतात. पुरातत्त्ववाले कपाळाला हात लावतात. त्यांचं म्हणणं बिनतोड आहे: ऑइलपेंटच्या कातडीमागे ओल अडकते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात, छिन्नीचे बारकावे बुजतात. चुन्याचा हात यापेक्षा बरा, त्यातून भिंत श्वास तरी घेते. आणि रंग काढायला कोणी वाळूचा फवारा मारला, तर नक्षीच्या कडा रंगासकट जातात. गावकऱ्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे: देव काही संग्रहालयातली वस्तू नव्हे, घरातला कर्ता पुरुष सणाला मळक्या धोतरात बसवतात का?

शहाणा संवर्धक अशा वेळी आडोशाच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा निवडतो. रसायनाचा लेप लावून, कापसानं टिपत, एकेक थर उलगडतो. वर पोपटी, खाली पिवळा, त्याखाली निळसर डिस्टेंपर, मग चुन्याचे कित्येक हात. कधी त्याहीखाली जुन्या गिलाव्याचा तुकडा चिकटलेला असतो. वेरूळच्या कैलास लेण्यावर आजही पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगांचे अवशेष आहेत; ज्या काळ्या, उघड्या कातळाला आपण मूळ रूप म्हणून डोळे भरून पाहतो, तो घडवणाऱ्यांनी तसा ठेवलेला नव्हता. त्यामुळे कोपरा उघडल्यावर ग्रामसभेत वाद सुरू होतो तो रंग काढावा की नाही यापुरता राहत नाही. कोणत्या थरावर थांबायचं, हे ठरवावं लागतं. गुरव पिवळ्यावर अडतो, कारण त्याच्या आजोबांनी तो दिलेला; सरपंचाला दगड हवा, कारण पर्यटक फोटो काढतात; संवर्धक चुन्यापाशी थांबा म्हणतो. तोवर यात्रा पंधरा दिवसांवर येते आणि तालमीतल्या पोरांनी ऑइलपेंटचे डबे आधीच आणून ठेवलेले असतात.